घरचा व्हॅलिडेटर: वीज जाण्याला घाबरू नका, दुसऱ्या मशीनला घाबरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला कासारवडवलीत फ्लॅट आहे, पावसाळ्यात वीज ये-जा करते, 32 ईथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं चलन) जमले आहेत आणि इथेरियमचा व्हॅलिडेटर, म्हणजे ते ईथर तारण ठेवून साखळीच्या ब्लॉकांवर मत देणारं सॉफ्टवेअर, स्वतःच्या घरी चालवायचा आहे. मशीन कोणतं घ्यावं, नेट पुरेल का, आणि इकडची वीज गेली की आपोआप सुरू होणारं दुसरं मशीन नौपाड्यात सासऱ्यांच्या घरी ठेवावं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात महाग चूक तिथेच होते. तसं दुसरं मशीन ठेवू नका. आपोआप सुरू होणारं तर अजिबातच नको.

व्हॅलिडेटर बंद पडला तर नेमकं किती जातं ते पाहू. इथेरियमवर 12 सेकंदांचा एक स्लॉट आणि 32 स्लॉटचा एक इपॉक, म्हणजे 6.4 मिनिटं. प्रत्येक इपॉकमध्ये तुमच्या व्हॅलिडेटरने एकदा मत द्यायचं, त्याला ॲटेस्टेशन म्हणतात. दिवसाला अशी 225 मतं. मत चुकलं की त्याचं बक्षीस बुडतं आणि वर थोडा दंड बसतो. दंड बक्षिसापेक्षा कमीच असतो, कारण मताच्या तीन भागांपैकी 'हेड'चा, म्हणजे साखळीचा ताजा ब्लॉक कोणता हे सांगणारा भाग चुकला तर बक्षीस जातं, पण दंड नाही. वर्षाचा परतावा तीन टक्क्यांच्या आसपास धरा. मग दिवसभर बंद राहिलेला व्हॅलिडेटर पुढचा एक दिवस नीट चालला की झालेला दंड भरून काढतो. अर्ध्याहून जास्त वेळ चालू असलेला व्हॅलिडेटर साधारणपणे तोट्यात जात नाही. अपवाद एकच: सगळ्या साखळीचंच फायनलायझेशन (ब्लॉक कायमचे पक्के होणं) थांबलं आणि चार इपॉकपेक्षा जास्त थांबलं, तर 'इनॲक्टिव्हिटी लीक' सुरू होते आणि बंद असलेल्यांची शिल्लक वाढत्या वेगाने झिजते. पण ते कासारवडवलीतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे होत नाही. त्यासाठी जगभरातले एक तृतीयांशाहून जास्त व्हॅलिडेटर एकदम गायब व्हावे लागतात.

आता दुसरी बाजू. एकाच चावीने (मतावर सही करायचा गुप्त कोड) एकाच इपॉकमध्ये दोन वेगळी मतं दिली गेली तर त्याची शिक्षा म्हणजे स्लॅशिंग: दंड आणि हकालपट्टी. नेटवर्कला 'वीज गेली म्हणून दुसरं मशीन लावलं होतं हो' हे कळत नाही. त्याला दिसतं ते एवढंच की या व्हॅलिडेटरने दोन तोंडांनी बोलणं केलं. घरगुती स्टेकर (ईथर तारण ठेवणारा) स्लॅश होतो तो जवळजवळ नेहमी याच कारणाने, म्हणजे तीच चावी दोन ठिकाणी चालू. हॅकर वगैरे क्वचित.

माझीच गोष्ट सांगतो. मी नेरूळला राहतो, नोकरी महापेला. तिथल्या डेटा सेंटरच्या भिंतींना लागून रोज जातो आणि व्हॅलिडेटर मात्र घरात टीव्हीच्या कपाटात ठेवतो, याची कचेरीत थट्टा होतेच. 2024 च्या जुलैत एका रात्री केबलमध्ये फॉल्ट होऊन सेक्टरची वीज गेली. इन्व्हर्टरने रात्री एकपर्यंत साथ दिली. माझा धाकटा भाऊ ठाण्याला कोपरीत राहतो. त्याच्याकडे मी एक नोड (साखळीची प्रत ठेवणारं मशीन) सिंक करून, म्हणजे ताज्या ब्लॉकपर्यंत आणून ठेवला होता, चाव्यांशिवाय. सकाळी मला शहाणपण सुचलं. पेनड्राइव्हवर चाव्या घेतल्या, नेरूळहून ट्रान्स-हार्बरची ठाणे लोकल पकडली, भावाकडे चहा घेता घेता चाव्या चढवल्या आणि साडेनऊला व्हॅलिडेटर सुरू केला. आधी दोन इपॉक वाट पाहिली, तेवढं भान होतं. स्लॅशिंग प्रोटेक्शनची फाइल (आधी दिलेल्या मतांची नोंद) मात्र नेरूळच्या बंद मशीनमध्येच होती. वीज नसताना ती काढणार कशी?

अकरा वाजून दहा मिनिटांनी नेरूळची वीज आली. बायोसमध्ये मीच 'वीज आली की आपोआप चालू हो' असं सेटिंग केलेलं, सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी व्यवस्था) व्हॅलिडेटरची सेवा एनेबल केलेली, वर 'रीस्टार्ट ऑलवेज'. मशीन उठलं, सिंक झालं आणि मत द्यायला बसलं. मी तोपर्यंत महापेला पोहोचून डबा उघडत होतो. बायकोचा फोन आला, "वीज आली हो, तुमचा डबासुद्धा घुरघुरायला लागलाय." माझा घास तोंडातच राहिला.

वाचलो ते एका पर्यायामुळे. मी लाइटहाउस हे व्हॅलिडेटरचं सॉफ्टवेअर वापरतो आणि त्यात डॉपलगँगर प्रोटेक्शन चालू केलेलं होतं. ते मुळात बंद असतं, आपणच लावावं लागतं. सुरू झाल्यावर व्हॅलिडेटर दोन-तीन इपॉक गप्प बसून ऐकतो. हीच चावी कुठे दुसरीकडे बोलताना दिसली तर स्वतः बंद होतो. फोनवरून वायरगार्ड या व्हीपीएनने आत शिरलो तेव्हा लॉगमध्ये दिसलं की तो उठला, ऐकलं, बंद झाला, सिस्टमडीने परत उठवला, परत बंद झाला. असं पाच वेळा. त्या पाऊण-एक तासात भावाकडचं नेट वीसेक मिनिटं जरी गेलं असतं, तर नेरूळच्या मशीनला 'रान मोकळं आहे' असं वाटलं असतं आणि भावाचं नेट परत येताच दोघं एकदम मत देत बसले असते.

आणि या सगळ्यात मी वाचवलं काय? साडेनऊ ते अकरा-दहा. पंधरा-सोळा इपॉक. त्या वेळच्या भावाने शंभर रुपयेही नाहीत. गेलं असतं काय? इथेरियमच्या पेक्ट्रा अपग्रेडच्या आधी स्लॅशिंगचा पहिलाच दंड शिलकीचा 32 वा भाग होता, म्हणजे 1 ईथर, तेव्हाचे पावणेतीन लाख. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

7 मे 2025 च्या पेक्ट्रानंतर तो पहिला दंड 4096 वा भाग इतका खाली आला आहे. म्हणून काही जण आता स्लॅशिंगला हसण्यावारी नेतात. ते बरोबर नाही. स्लॅश झालेला व्हॅलिडेटर सक्तीने बाहेर काढला जातो, पैसे 8192 इपॉक म्हणजे सुमारे 36 दिवस अडकतात, त्या काळात मतं चुकल्याचे दंड चालूच राहतात, आणि मध्यावर आणखी एक दंड असतो. तो त्याच सुमाराला किती लोक स्लॅश झाले त्या प्रमाणात वाढतो. एकटे चुकलात तर तो नगण्य. हजारो जणांसोबत एकाच सॉफ्टवेअरच्या दोषामुळे चुकलात तर तो भला मोठा.

मग सासऱ्यांच्या घरच्या मशीनचा उपयोग नाही का? आहे. पण चाव्यांशिवाय. इथेरियमच्या नोडचे तीन भाग असतात: व्यवहार चालवणारा एक्झिक्युशन क्लायंट, खरी साखळी कोणती ते ठरवणारा कन्सेन्सस क्लायंट आणि सही करणारा व्हॅलिडेटर क्लायंट. पहिले दोन कितीही ठिकाणी चालवा, धोका शून्य. तिसरा एकाच ठिकाणी. व्हॅलिडेटर क्लायंटला एकाहून जास्त बीकन नोडचे (म्हणजे कन्सेन्सस क्लायंटचे) पत्ते देता येतात. घरचा नोड सिंक हरवून बसला किंवा डिस्क भरली, तर तो नौपाड्यातल्या नोडकडून माहिती घेऊन घरातूनच सही करतो. दोन्ही घरं वायरगार्डने जोडा. घरची वीजच गेली तर मात्र बसून राहा. पुस्तक वाचा. आपोआप बदली हवीच असेल तर ती डिस्ट्रिब्युटेड व्हॅलिडेटरने करतात, ओबोल किंवा एसएसव्ही यांच्या पद्धतीने. चावी चार तुकड्यांत वाटली जाते आणि तीन जणांनी सही केली की पुरतं. पण एकट्या माणसाने पहिल्याच वर्षी त्यात पडू नये.

आता विजेबद्दल. मिनी पीसी 25 ते 35 वॉट खातो, महिन्याला वीस-पंचवीस युनिट. घरच्या 150 एएचच्या बॅटरीवर पंखे-दिवे आवरते घेतले तर तो आणि राउटर मिळून रात्र सहज काढतात. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक खटका असतो, यूपीएस मोडचा. तो बहुतेकांच्या घरी बंद असतो, कारण पंख्याला फरक पडत नाही. मशीनला पडतो. वीज बदलताना त्या क्षणभराच्या खंडात ते रीस्टार्ट होतं आणि डेटाबेस बिघडण्याची भीती असते. खटका चालू करा आणि खात्रीसाठी मेन स्विच पाडून पाहा.

इन्व्हर्टर असूनही नेट जातं, हे अनेकांना पहिल्या पावसाळ्यातच कळतं. फायबर थेट तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत येत असेल तर मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, तुमचा डबा इन्व्हर्टरवर असला की झालं. पण केबलवाल्याने इमारतीच्या गच्चीवर किंवा लिफ्टच्या खोलीत स्विच बसवून तिथून घरोघर लॅन केबल सोडली असेल, तर सोसायटीची वीज गेली की तो स्विच मेला. तुमचा इन्व्हर्टर कितीही मोठा असो. नेट घेण्याआधी गच्चीवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. वेगाचं फारसं मनावर घेऊ नका, 100 एमबीपीएस घरगुती स्टेकरला चालतात, पण अपलोडही चांगला हवा. 'अमर्याद' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते. व्हीएनस्टॅट हा डेटा मोजणारा प्रोग्रॅम लावून पहिल्या महिन्यात किती खर्च होतो ते मोजा. माझा नोड आणि घरातले दोन ओटीटीवेडे मिळून मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ जातो.

सीजीनॅट, म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी, आहे का ते तपासा. राउटरच्या पानावर वॅनचा आयपी 100.64 ते 100.127 यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, बाहेरून कुणी तुमच्या नोडला हाक मारू शकत नाही. चालतं तरीही, पण पिअर (तुमच्याशी जोडले जाणारे इतर नोड) कमी मिळतात. जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेता येतो, तो घ्यावा असं माझं मत. मग राउटरवर फक्त 30303 आणि 9000 हे दोन पोर्ट उघडा, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. 8545, 8551, 5052 हे आतल्या कामाचे पोर्ट कधीही बाहेर उघडू नका.

मशीनमध्ये एकाच गोष्टीवर पैसे ओता: एसएसडी. 4 टीबी, एनव्हीएमई, टीएलसी, शक्यतो डीरॅम कॅश असलेली. स्वस्तातली क्यूएलसी सुरुवातीला सिंक होते आणि मग मागे पडत जाते, आणि दोष मात्र तुम्ही नेटला देत राहता. जुलै 2025 पासून मर्जच्या (इथेरियम माइनिंग सोडून स्टेकिंगवर आलं तो बदल) आधीचा इतिहास काढून टाकता येतो, त्याने 300 ते 500 जीबी मोकळी होते, म्हणून 2 टीबीवर अजून भागतं. पण मग दर काही महिन्यांनी डिस्क किती उरली हे पाहत बसावं लागतं. रॅम 32 जीबी किमान, 64 मिळाली तर घ्या. प्रोसेसरची चिंता नको. डबा बंद कपाटात कोंबू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात एनव्हीएमई तापून मंदावते. माझ्या कपाटाचं मागचं फळकूट मी काढून टाकलं आहे. आणि डब्याच्या प्लगवर मोठ्या अक्षरात 'बंद करू नये' असं चिकटवा. माझा पहिल्या वर्षातला सर्वांत मोठा खंड विजेमुळे नव्हता, इस्त्रीमुळे होता.

उबुंटू सर्व्हर एलटीएस टाका. इथे नवख्यांना हमखास फसवणारी एक जागा आहे. इन्स्टॉलरने सुचवलेली एलव्हीएमची (डिस्कचे भाग पाडणारी) मांडणी तशीच स्वीकारली तर मोठ्या डिस्कवरही रूटला, म्हणजे मुख्य भागाला, फक्त 100 जीबी मिळते, बाकी जागा पडून राहते. सिंक सुरू होतं, काही तासांत 'डिस्क भरली' असा निरोप येतो आणि माणूस चार टीबीच्या पावतीकडे बघत बसतो. एलव्हीएक्स्टेंड आणि मग रीसाइझटूएफएस, दोन ओळींचं काम, पण आधीच करा. घड्याळासाठी क्रोनी टाका. 12 सेकंदांच्या खेळात घड्याळ मागे-पुढे असणं परवडत नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये मेडाला हे टेस्टनेट (सरावाची साखळी) घड्याळाच्या गोंधळातूनच कोलमडलं होतं.

क्लायंट कोणता घ्यावा यावर लोक हमरीतुमरीवर येतात. एक्झिक्युशनसाठी गेथ, नेदरमाइंड, बेसू, एरिगॉन, रेथ. कन्सेन्सससाठी लाइटहाउस, प्रिझम, टेकू, निंबस, लोडस्टार. माझा नियम एवढाच की सर्वांत जास्त लोक वापरतात तो सोडून दुसरा घ्या. फायनलायझेशनला दोन तृतीयांश मतं लागतात. बहुसंख्यांच्या क्लायंटमध्ये दोष निघाला तर चुकीची साखळीसुद्धा पक्की होऊ पाहते आणि तुम्ही तिच्यात ओढले जाता. फेब्रुवारी 2025 मध्ये होलेस्की टेस्टनेटवर पेक्ट्रा आणताना गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तिन्हींत डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टचा पत्ता चुकीचा बसला होता. बहुसंख्य व्हॅलिडेटर चुकीच्या ब्लॉकमागे गेले, साखळी फाटली, तिला जागेवर आणायला आठवडे लागले. टेस्टनेट होतं म्हणून निभावलं. दोन्ही क्लायंट एकमेकांशी 8551 पोर्टवर बोलतात आणि दोघांकडे एकच जेडब्ल्यूटी फाइल (दोघांमधला गुप्त संकेत) लागते. 'ऑथेंटिकेशन फेल' दिसलं तर नव्वद टक्के वेळा त्या फाइलच्या परवानग्या चुकलेल्या असतात. कन्सेन्ससला चेकपॉइंट सिंक (अलीकडच्या पक्क्या टप्प्यापासून सुरुवात) द्या, काही मिनिटांत होतं. एक्झिक्युशनला काही तास ते दोन-एक दिवस. फी रेसिपियंटचा पत्ता भरायला विसरू नका. दहा लाख व्हॅलिडेटर धरले तर तुमची ब्लॉक मांडायची पाळी सरासरी साडेचार महिन्यांतून एकदा येते. ती पाळी आली आणि बक्षीस कुठे जायचं तेच सांगितलेलं नाही, असं होऊ नये.

चाव्यांची निर्मिती नेट नसलेल्या लॅपटॉपवर करा. चाव्या परत मिळवून देणारे 24 शब्द कागदावर लिहून लोखंडी कपाटात ठेवले की झालं असं समजू नका. खाडीकाठच्या दमट हवेत माझ्या कागदाला दोन पावसाळ्यांत बुरशी धरली, काही अक्षरं पुसट झाली. आता स्टीलच्या पट्टीवर कोरून घेतले आहेत, एक संच घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. कोरून 'घेतले' म्हणजे स्वतः कोरले, पट्टी कोरणाऱ्याच्या दुकानात शब्द वाचून दाखवू नका. पैसे काढण्याचा पत्ता हार्डवेअर वॉलेटचा द्या आणि अक्षर न् अक्षर तपासा. एकदा बसला की तो बदलता येत नाही. पेक्ट्रानंतर त्याच पत्त्यावरून व्हॅलिडेटर बाहेरही काढता येतो, त्यामुळे मशीन जळालं, चाव्या गेल्या, तरी मुद्दल अडकत नाही. हे घरात आणखी एका माणसाला माहीत असू द्या.

अपडेट हार्ड फोर्कच्या (सगळ्यांना सक्तीचा अपग्रेड) आधी चुकवायचा नाही, बाकी वेळी दोन-चार दिवस थांबून केलेला बरा. मात्र तुमचा व्हॅलिडेटर सिंक कमिटीत निवडला गेला असेल तर ते 27 तास मशीनला हातही लावू नका. 512 जणांची ती कमिटी, तिथली कमाई नेहमीच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त, आणि चुकल्याचा दंडही तसाच.

कराचं एका परिच्छेदात: ईथर विकलं की नफ्यावर 30 टक्के कर, हे 1 एप्रिल 2022 पासून. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यात वळता होत नाही. 1 जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएस. बक्षिसं साध्या व्हॅलिडेटरला दर आठ-दहा दिवसांनी आपोआप पत्त्यावर येतात. माझे सीए प्रत्येक जमा त्या दिवशीच्या भावाने उत्पन्नात धरतात, म्हणजे वर्षाला चाळीसेक नोंदी. पहिल्या दिवसापासून शीट ठेवा, मार्चमध्ये मागे जाऊन भाव शोधणं म्हणजे डोकेदुखी.

32 ईथर लगेच अडकवू नका. हूडी टेस्टनेटवर एक-दोन महिने चालवा आणि मुद्दाम खोड्या काढा. रात्री मेन स्विच पाडा. राउटरची वायर काढा. मशीन परत उठल्यावर हात न लावता मत देतंय का पाहा. मग चाव्या दुसऱ्या मशीनवर न्यायचा सराव करा: जुन्यावर सेवा डिसेबल करा, स्लॅशिंग प्रोटेक्शनची फाइल काढा, चाव्यांचं फोल्डर पुसा, नव्यावर फाइल चढवा, किमान तीन इपॉक थांबा आणि एक्सप्लोररवर (साखळीवरच्या नोंदी दाखवणारी वेबसाइट) मतं खरंच चुकताहेत ना, म्हणजे जुनं मशीन गप्प आहे ना, ते बघा, मगच सुरू करा. हे कागद न बघता जमायला लागलं की लाँचपॅड, म्हणजे 32 ईथर जमा करायचं इथेरियमचं पान, उघडा.